वेदांत्याचा काळा गॉगल

गॅस वेल्डिंगचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली 'वेदांती' म्हणायची. लोखंड जोडता जोडता त्याच्या तोंडाचा पट्टाही चालूच असायचा. "अज्ञान म्हणजे काय? आवरण असतं स्वतःच्या डोळ्यांवर, आणि माणूस ओरडतो, सूर्यच झाकला गेला! अरे, सूर्याला कोण झाकणार?" गिऱ्हाईक बिचारं मान डोलवायचं. करतंय काय, त्याचं गेट अजून अर्धवट होतं ना!

त्या संध्याकाळी शेजारच्या सुताराला हेच पटवून देत वेदांत्याने दुकान बंद केलं. हल्ली दिवस फार लवकर मावळतो, असं कुरकुरत तो घरी पोचला आणि दारातूनच कडाडला, "अगं, हा काय अंधार? बल्ब गेलाय बघ!"

भाजी चिरणाऱ्या बायकोने वर पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

वेदांती स्टुलावर चढला. नवा बल्ब लावून खाली उतरला, तरी उजेड तेवढाच. मग बल्ब विकणाऱ्याचा उद्धार झाला, वायरमनचा झाला. शेवटी बायको हात पुसत उठली आणि तिने त्याच्या नाकावरचा वेल्डिंगचा काळा गॉगल अलगद काढला. खोली लख्ख उजळली.

वेदांत्याने तिच्या हातातला गॉगल पाहिला. मग स्टुलावरच बसून पोट धरधरून हसला.

"अगं, आवरण डोळ्यांवर असतं, हे मीच रोज सांगतो ना!"

"सांगता हो," ती म्हणाली, "म्हणून तर वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."