आमच्या साडूंच्या खिडक्या

एका माणसानं दुसऱ्या माणसाला किती धक्के द्यावेत याला काहीतरी मर्यादा असते, असं मी बरीच वर्षं समजत होतो. मग माझ्या मेहुणीचं लग्न झालं, घरात धाकटे साडू आले आणि ती मर्यादा कायमची उठली. जुन्नर आणि आंबेगाव हे दोन्ही तालुके पालथे घातलेत तरी दसऱ्याला सोनं द्यायला आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी संगणकासमोर बसवून, "हे बटन दाबा बरं. आता खरं सांगा, दाबल्यासारखं वाटलं का?" असं विचारणारा दुसरा माणूस तुम्हांला सापडायचा नाही. मी त्या दसऱ्याला एकच बटण वीस-पंचवीस वेळा दाबलं. शेवटी हो म्हणालो, तर साडू खिन्न झाले. त्यांच्या मते ते अजून पुरेसं आत जात नव्हतं.

साडू मूळचे जुन्नर तालुक्यातल्या मढचे. घरची भातखाचरं, पावसाळ्यात चार महिने ढगात बुडालेलं घर. तिथून ते जुन्नरला शिकले, पुण्यात इंजिनियर झाले, एका कंपनीत रमले आणि घरून काम करायची सोय होताच पुणं सोडून जुन्नरच्या बाजारपेठेत भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत येऊन राहिले. दिवसा ते कंपनीचं काम करतात. ते काम काय आहे हे त्यांनी मला समजावून सांगितलं आहे आणि मी ते लगेच विसरलो आहे. उरलेल्या वेळात ते खिडक्या करतात. खिडक्या म्हणजे संगणकाच्या पडद्यावर उघडतात त्या चौकटी, त्यांच्यातली बटणं, पट्ट्या, रकाने आणि चित्रं. हे उद्योग जगात पुष्कळ लोक करतात, पण त्यासाठी ते आजकालच्या भाषा वापरतात. साडू वापरतात लिस्प. संगणकाची ही भाषा वयानं आमच्या सासऱ्यांच्या बरोबरीची आहे, आणि सासऱ्यांसारखीच तीही कुणाचं ऐकून बदललेली नाही.

संगणक मला नवा नाही. मंचरला माझा फोटो स्टुडिओ आहे आणि नवरीच्या गालावरची पुटकुळी मी डोळे मिटून घालवू शकतो. त्यामुळं पहिल्यांदा साडूंच्या पडद्याकडं मी जाणत्याच्या नजरेनं पाहिलं, आणि हबकलो. पडदाभर कंस होते. कंसात कंस, त्यात आणखी कंस, आणि शेवटी सगळे बंद करणाऱ्या कंसांची एक लांबलचक रांग. मी शक्य तितक्या हळुवारपणे म्हटलं की नारायणगावात एक चांगला माणूस आहे, अडकलेला कीबोर्ड तासाभरात बदलून देतो. साडू रागावले नाहीत. स्टुडिओत आलेल्या गिऱ्हाइकानं मेलेल्या आजोबांचा डोळे मिटलेला फोटो देऊन "डोळे तेवढे उघडा" म्हटलं की मी जसा त्याच्याकडं बघतो, तसे ते माझ्याकडं बघत राहिले.

पुढं लक्षात आलं की माणूस बोलतोही तसाच. ते पुण्यात राहत होते तेव्हाच्या एका साखरपुड्यात मुलीच्या मामांनी त्यांना सहज विचारलं, पुण्याहून किती वाजता निघालात. साडूंनी वाक्य सुरू केलं, त्यात चाकणची वाहतूक आली, वाहतुकीत एक टेम्पो आला, टेम्पोत टोमॅटो होते म्हणून टोमॅटोचा बाजार आला, बाजारातून ते कुठल्याशा चुलत्यांच्या विहिरीत उतरले. तेवढ्यात पानं वाढली, लोक उठले. जेवणं आटोपून मामा हात धुवायला नळावर गेले, तर साडू मागं उभे. अत्यंत शांतपणे त्यांनी विहीर मिटवली, बाजार मिटवला, टेम्पो मिटवला, वाहतूक मिटवली आणि म्हणाले, "म्हणून साडेसातला निघालो." मामा तसेच ओल्या हातांनी उभे राहिले. त्यांना प्रश्न विचारल्याचंच आठवत नव्हतं.

घरमालक भांडीवाले शेठ, त्यांचे पणजोबा राजस्थानातून जुन्नरला आले. शेठनी चुकून एकदा वरच्या मजल्यावर जाऊन बिलाचं काहीतरी करून द्या म्हटलं. साडूंनी अख्खा पावसाळा त्यात घातला. तयार झालेल्या खिडकीत एक पितळी पातेलं होतं. त्यावर बोट नेलं की झाकण किंचित तिरकं व्हायचं आणि खाली त्याची सावली सरकायची. शेठ बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "झाकण लई झ्याक हालतंय भाऊ. बिल कुठनं निघतंय?" साडूंनी त्यांना धीर दिला, की बिल काय, दोन दिवसांचं काम आहे, आधी झाकण नीट बसू द्या. शेठ अजून हातानंच बिलं करतात, पण आलेल्या गिऱ्हाइकाला ते झाकण दाखवल्याशिवाय सोडत नाहीत.

माझ्या मेहुणीचे हाल तर विचारू नका. लिस्पचा एक गुण असा, की चालू असलेला प्रोग्रॅम बंद न करता त्यात फेरफार करता येतात. साडूंनी मेहुणीला शिवणकामाची मापं लिहायला एक खिडकी करून दिली आणि स्वतः आतल्या खोलीत बसून ती सुधारत राहिले. मेहुणी एकदा माझ्या बायकोला रडवेल्या आवाजात म्हणाली, "ताई, मी बटनावर बोट न्यायला आन बटनानं पलीकडं सरकायला एकच गाठ पडती. ब्लाऊजचं माप लिहिता लिहिता रकान्याचा रंगच बदलतो. मग आतनं इचारत्यात, आता कसं वाटतंय?" माझ्या बायकोनं मला रात्रीच्या जेवणाला हे सांगितलं आणि माझ्या साध्यासुध्या फोटोच्या धंद्याबद्दल लग्नानंतर प्रथमच समाधान व्यक्त केलं.

तर असा हा माणूस गेल्या चैत्रात आमच्या सासुरवाडीच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यतीचा टाइम लावणार, असं कळलं तेव्हा माझ्या हातातला कॅमेरा पडता पडता राहिला. सासुरवाडी कळंबजवळ. आमच्याकडं बैलगाडा म्हणजे काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. उताराखालून चार बैल सुटतात, बघता बघता घाट म्हणजे शर्यतीची चढण पार करतात, आणि त्या चार क्षणांवर माणसं वर्षभर भांडतात. एका गाड्याच्या एका धावेला बारी म्हणतात. घड्याळ धरणाऱ्याचा अंगठा सेकंदाच्या शंभराव्या भागाएवढा चुकला तरी त्याची सोयरीक मोडते. तिथं आमचे साडू खालच्या आणि वरच्या रेषेवर डोळे बसवणार, बैल गेले की घड्याळ आपोआप थांबणार, आणि घाटमाथ्यावरच्या भल्यामोठ्या पडद्यावर टाइम आणि शेजारी गाडामालकाचा फोटो झळकणार. फोटो अर्थातच मी काढायचे. आठवडाभर मी फेटे बांधलेल्या, मिशा पिळलेल्या मालकांचे फोटो काढत हिंडलो.

त्यातून त्या वर्षी सासऱ्यांचा गाडा होता, आणि त्यात हरण्या होता. हरण्या आता थकला होता. यंदाची बारी त्याची शेवटची, हे सासऱ्यांनी घरात आधीच सांगून टाकलं होतं. हा बैल खरा सासूबाईंचा. त्याची आई तो आठवड्याचा असताना गेली, तेव्हा सासूबाईंनी त्याला मांडीवर घेऊन बाटलीनं दूध पाजलं, थंडीत त्याच्या अंगावर स्वतःची गोधडी टाकली. त्याआधीच्या श्रावणात सासूबाई गेल्या. तेव्हापासून सासरे फारसं बोलत नव्हते. मला आणि साडूंना बाजूला घेऊन ते एकच बोलले होते, "हरण्याचा टाइम लागला पायजे. बाकी कायबी होऊ द्या. त्याला मी पुन्यांदा पळवणार न्हाई." साडूंनी मान डोलवली. माझ्या डोळ्यांसमोर मात्र पातेल्याचं झाकण होतं.

सकाळपासून सगळं इतकं सुरळीत चाललं की मला संशय यायला लागला. बारी व्हायची, पडद्यावर आकडे यायचे, शेजारी मी काढलेला फोटो यायचा, लोक शिट्ट्या मारायचे. मग सासऱ्यांच्या गाड्याचा पुकारा झाला आणि मी दचकलो. निवेदकानं सासऱ्यांचं नाव घेतलं नाही, सासूबाईंचं घेतलं. कैलासवासी लावून, स्मरणार्थ म्हणून. आमच्याकडं गाडा गेलेल्या माणसाच्या नावानं पळवतात, त्यात वावगं काही नव्हतं. पण सासऱ्यांनी सकाळी गुपचूप मंचावर जाऊन नाव बदलून घेतलं होतं, मंचावरच्या माणसानं ते संगणकात बदललं होतं, आणि साडूंना कुणीच सांगितलं नव्हतं. झेंडा पडला. हरण्या मान खाली घालून असा सुटला की त्याचं वय मीसुद्धा विसरलो. गाडा वरची रेष ओलांडून गेला आणि पडदा पांढराफटक झाला.

मग त्या पडद्यावर कंस आले. जमलेल्या सगळ्या पंचक्रोशीसमोर, दोन पुरुष उंचीच्या पडद्यावर, वरपासून खालपर्यंत कंस. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्ये काय उगावलं राव?" यात्रा समितीचे पुढारी धावत मंचावर आले. टाइम लागलेला नाही, बारी रद्द, हवं तर शेवटी पुन्हा पळवा, असं त्यांनी सांगून टाकलं. सासरे रेषेपाशी उभे होते. त्यांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना, आणि साडूंना तर मी मनातल्या मनात काय काय म्हणालो ते लिहिण्यासारखं नाही.

मंचावर माझ्याशेजारी संगणकापाशी बसलेल्या साडूंनी वरही पाहिलं नाही. म्हणाले, "थांबा. मेलं न्हाई त्ये. थांबलंय."

मग त्यांनी सांगितलं, आणि आयुष्यात प्रथमच ते सरळ बोलले. दुसऱ्या भाषेत लिहिलेलं असतं तर चूक झाल्याबरोबर सगळं कोसळलं असतं आणि टाइमही गेला असता. लिस्पचं तसं नाही. जिथं अडतं तिथं ती हातातलं सगळं तसंच धरून उभी राहते आणि विचारते, आता काय करू? "टाइम तिच्यापाशी हाये," साडू म्हणाले. "फोटू सापडंना म्हणून आडलीये. या नावाचा फोटू मागतीये."

मी खिशातून फोन काढला. दोन वर्षांपूर्वीच्या पाडव्याला मी गोठ्यात फोटो काढत होतो, तेव्हाचा एक होता. सासूबाई घमेलं घेऊन उभ्या, कपाळाला आठी, कारण त्या मला सांगत होत्या की माझा कशाला काढता, त्याचा काढा. खांद्यामागून हरण्याचं एक शिंग डोकावत होतं. साडूंनी फोनला वायर जोडली. मग त्यांनी लिस्पला फोटो दिला, पुढं चालू करायला सांगितलं आणि कंस गेले.

सासूबाई घाटमाथ्यावर आल्या. शेजारी टाइम लागला होता. पहिल्या नंबरात बसणारा तो नव्हता, पण होता. निवेदकानं नाव पुन्हा घेतलं, आकडा वाचला, आणि लोकांनी हरण्याला मोठ्यानं दाद दिली. खाली पुढचा गाडा जुंपून तयार होता. समितीतल्या एकानं साडूंना आता पडदा मोकळा करायला सांगितलं. तेवढ्यात सासरे मंचापाशी आले. त्यांनी साडूंच्या मनगटावर हात ठेवला.

"वाईच राहू दे," ते म्हणाले. "तिनं घाट कदी बघितला न्हाई."

मी आजवर साडूंच्या धक्क्यांचा हिशेब सांगत आलो, पण खरा धक्का मला तेव्हा बसला. आमच्याकडं बायका घाटात जात नाहीत. रीतच तशी, कुणी कधी त्यावर बोललंही नव्हतं. सासूबाईंनी बैल वाढवला, दर यात्रेला त्याला ओवाळून घाटाकडं धाडला, आणि स्वतः घरी पाहुण्यांसाठी पुरणपोळ्या लाटत राहिल्या. घाटातून आरडाओरड ऐकू आली की त्या दारात यायच्या आणि जो पहिला परत येईल त्याला विचारायच्या, कसा पळाला. वाढवलेला बैल पळताना त्यांनी एकदाही पाहिला नव्हता, हे मला, त्यांच्या जावयाला, त्या क्षणापर्यंत सुचलंसुद्धा नव्हतं.

साडूंनी डोळे पुसले आणि पडद्याला हात लावला नाही. खालचा झेंडा पडला, धुळीतून पुढचा गाडा वर आला, त्याचा टाइम पडद्यावर एका कोपऱ्यात लागला. मालकाचा फोटो आलाच नाही. आठवडाभर फेटा बांधून माझ्या मागं लागलेला तो माणूस मंचाकडं बघत उभा राहिला आणि त्यानं तक्रार केली नाही. घमेलं हातात घेऊन, कपाळाला आठी घालून, सासूबाईंनी ती बारी शेवटपर्यंत पाहिली.