गॅसच्या टाकीजवळची बाई

ही गोष्ट माझ्या घरात कुणालाही ठाऊक नाही. पत्नीला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतो आहे. आणि सांगतानाही धास्ती आहे की, मी ती रंगवून सांगेन. तशी सवयच जडली आहे मला.

गेली बारा-तेरा वर्षं मी सचित्र व्याख्यानं देतो. सुटीच्या दिवशी पन्हाळ्यापलीकडे, शाहूवाडीकडच्या वाड्या-वस्त्यांत हिंडायचं, फोटो काढायचे, आणि कोल्हापुरातली महिला मंडळं, ज्येष्ठ नागरिक संघ, तालीम मंडळं — बोलावतील तिथे ते पडद्यावर दाखवत बोलायचं. मानधन नसतं, शाल असते, नारळ असतो. आणि हशा असतो. तो मला किती हवासा वाटे, हे मी स्वतःशीही कधी मान्य केलं नव्हतं.

व्याख्यान मध्यावर आलं की माणसं पेंगू लागतात. अशा वेळी माझा एक हमखास फोटो येई. सत्तरीची एक बाई, ठेवणीतलं लुगडं, चेहरा कमालीचा गंभीर, आणि एक हात शेजारच्या नव्याकोऱ्या गॅसच्या टाकीवर. टाकीला हळदकुंकू, झेंडूची माळ. मी म्हणे, “मी विचारलं, मावशी, हे कोण? तर म्हणाली, ह्यो माझा थोरला. धाकटा भरून आणायला गेलाय!”

सभागृह कोसळे. डोळे पुसत हसणारी माणसं पाहिली आहेत मी.

ती असं काही म्हणालीच नव्हती. टाकीवर हात ठेवायलाही मीच सांगितलं होतं — चित्र चांगलं दिसेल म्हणून. तिने एवढंच विचारलं होतं, “फोटू कवा आणून देताय?” मी दिवाळीचा वायदा केला. पुन्हा त्या वस्तीवर गेलो नाही. पण इथवरचं सगळं — खोटा विनोद, मोडलेला शब्द — कदाचित तुम्ही सोडूनही द्याल. मला सांगायचं आहे ते याच्या पुढचं.

दोन वर्षांपूर्वी एका महिला मंडळात व्याख्यान होतं. फोटो आला, हशा झाला, चहा झाला. मी वायर गुंडाळत होतो. अध्यक्षीणबाई शेजारी उभ्या राहून त्या थोरल्या-धाकट्याचं पुन्हा कौतुक करत होत्या. तेवढ्यात मागच्या रांगेतली एक चाळिशीची बाई पुढे आली. पदर सावरत, अगदी हळू म्हणाली, “सर, ती गॅसजवळची... ती माझी आई हाय. जाऊन वरीस झालं.”

मी वायर गुंडाळतच राहिलो.

“घरात तिचा फोटू न्हाई. आधार कार्डावर हाय, पर त्यात तोंड निस्तं काळं आलंय. एक द्या की मला.” मग, तक्रारीच्या सुरात मुळीच नाही, म्हणाली, “आईला पोरगा न्हवता, सर. आमी दोघी भैणीच. लई ऐकून घेतलं तिनं त्यापायी. ती असं कशी म्हणंल?”

अध्यक्षीणबाई माझ्याकडे पाहू लागल्या. खरं बोलायला किती वेळ लागला असता? ‘विनोद माझा होता, फोटो तुमच्या आईचा आहे’ — एवढंच तर म्हणायचं होतं. मी म्हणालो, “तुमची गल्लत होतेय, ताई. हा फोटो शाहूवाडीचा नाही. कोकणातला आहे.”

शाहूवाडीचं नाव तिने काढलंच नव्हतं; व्याख्यानात मीही त्या फोटोचं गाव कधी सांगत नसे. ते माझ्याच तोंडून गेलं. तिच्या ते ध्यानात आलं असेल का? असावं. कारण ती माझ्याकडे नाही, विझलेल्या पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “असंल. लुगडं तसंच वाटलं मला. चुकलं, सर.”

चुकलं — असं ती म्हणाली. मला. आणि मी मान डोलावली. मोठ्या मनाने माफ करावं, तशी.

तिचं नाव मी विचारलं नाही. त्या आठवड्यात फोटोची मोठी प्रत काढून आणली खरी. पण ती कुणाच्या हाती पाठवायची? अध्यक्षीणबाईंकडे चौकशी करावी, तर कोकणाचं काय सांगायचं? ती प्रत माझ्या कपाटात आहे. तो फोटो व्याख्यानातून काढून टाकला, आणि काही दिवस मला वाटत राहिलं की, आपण प्रायश्चित्त घेतलं.

दोनेक महिन्यांनी शिवाजी पेठेतल्या ज्येष्ठ नागरिकांपुढे बोलत होतो. मध्यावर माणसं पेंगू लागली. मागून एक आजोबा ओरडले, “ओ सर, त्यो टाकीवाला थोरला दावा की! झोपिवताय व्हय आमाला?”

फोटो लॅपटॉपमध्ये होताच. मी तो शोधून काढला. पडद्यावर आणला. तेच वाक्य, त्याच ठेक्यात, तितकंच थांबून म्हटलं. हशा झाला — आणि तो मला आवडला.

उठताना आजोबांनी मोबाईल पुढे केला. “आमच्या ग्रुपवर टाकतो, पोरं हासून मरतील.” मी उभ्याउभ्याच त्यांना तो फोटो पाठवला. एक मिनिटही लागलं नाही.