काढा उस्तादाला!

भिमाजी दवंडीवाल्याला देवानं दोन गोष्टी सढळ हातानं दिल्या होत्या, आवाज आणि राग. अक्कल वाटायची वेळ आली तेव्हा हा पठ्ठ्या मैदानावर हॉकी बघत उभा असणार, असं त्याची बायको रंगुबाई म्हणायची. आता बायकोच म्हणते म्हटल्यावर आपण कोण बोलणार!

पन्नाशीला आलेला गडी. काळा, उंच, छातीवर म्युनिसिपालटीचा पितळी बिल्ला आणि गळ्यात डफडं. उद्या नळाला पाणी नाही, रेशनवर साखर आली, तांबोळ्याची शेळी हरवली, हे सगळं नगरला भिमाजीच्या तोंडून कळायचं. बाप पाथर्डीकडच्या गावात दवंडी द्यायचा, तेच काम पोरानं शहरात आणलं. माळीवाड्याच्या वेशीत उभा राहून त्यानं ‘ऐका हो’ म्हटलं की पार कापड बाजारातल्या गुजराच्या हातातला गज थांबायचा. लढाई संपून दोन-अडीच वर्षं झाली होती, गावात भोंगे आले होते, लाऊडस्पीकर आले होते, पण म्युनिसिपालटीला भिमाजीच स्वस्त पडायचा.

आणि हा सगळा आवाज रविवारी शमशेर हॉकी क्लबाच्या पायाशी. किल्ल्याजवळच्या मैदानावर मॅच असली की भिमाजी गोलाच्या मागं, दोरीच्या पलीकडं उभा. दोरीच्या आत खुर्च्या होत्या, तिथं वकील, मास्तर, अडतवाले. महारवाड्यातल्या माणसानं दोरी ओलांडायची नाही, हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. पण आवाजाला दोरी कोण बांधणार? ‘मार रं वाघा!’ अशी आरोळी आली की खेळणाऱ्याच्या पायात बळ यायचं. गोऱ्या पलटणीला शमशेरनं हरवलं त्या वर्षी क्लबाच्या अध्यक्षांनी, वकीलसाहेबांनी, चारचौघांत म्हटलं होतं, एक गोल आपल्या भिमाजीचा. ते ‘आपल्या’ ऐकून बेटा महिनाभर हवेत होता.

ते दिवस गेले. आता शमशेरची पार रया गेली होती. पुण्याचे आले, हरवून गेले. लष्कराचे मोटारवाले आले, हरवून गेले. आणि परवाच्या रविवारी मनमाडच्या रेल्वेवाल्यांनी पाच गोल घातले, पाच! कोळसा ओढणारी माणसं ती, हसत हसत गोल घालत होती. गोलात वकीलसाहेबांचा मेव्हणा शामकांत. कपडे पांढरेशुभ्र, भांग चापूनचोपून, आणि चेंडू आला की डोळे मिटणार! पाचातले तीन त्याच्या दोन पायांमधून गेले. शेवटचा गेला तेव्हा भिमाजी मागून ओरडला, “आरं, पाय तरी जवळ घे! म्हस जाईल मधनं!” सगळं मैदान हसलं. भिमाजी मात्र हसला नाही, त्याच्या डोक्यात राख गेली होती.

कारण भिमाजीचा सख्खा भाचा कानिफनाथ गोलकीपर होता, आणि असा तसा नव्हे. पलटणीत भरती होऊन तिथं गोल राखायला शिकलेला. लढाई संपली, पलटणीनं नारळ दिला, पोरगा मामाकडं आला आणि लष्करी कोठारात पोती उचलू लागला. तेवीस-चोवीस वर्षांचा, मांजरासारखा चपळ. शमशेरचे कोच बाबाजान त्याला रोज पहाटे मैदानावर बोलवायचे आणि चेंडूमागून चेंडू मारायचे. कोच हा शब्द फक्त वकीलसाहेबांचा हं. बाकी गाव त्यांना उस्तादच म्हणायचं. जुने हवालदार, पांढरी दाढी, बायको वारलेली, क्लबाच्या मागच्या खोलीत एकटे राहणारे. पहाटे कानिफनाथ एक चेंडू आत जाऊ द्यायचा नाही. आणि रविवारी? रविवारी तोच कानिफनाथ गोलाच्या मागं उभा राहून शामकांतनं सोडलेले चेंडू आणून द्यायचा! बघवत नव्हतं भिमाजीला. कुणाला बघवेल?

सोमवारी तो तडक उस्तादांच्या खोलीवर गेला.

“उस्ताद, तुमाला डोळं हायेत का न्हाईत?”

बाबाजान बुटाला तेल लावत होते. “आहेत. बस.”

“बसायला न्हाई आलो. दोन वर्सं झाली. पोरगं झुंजुमुंजूला उठून तुमच्याम्होरं उभं ऱ्हातंय. त्याला खेळवायचं न्हाई तर कशाला आशा लावली? आमी काय खुळं हाव?”

“सबर कर, भिमाजी.”

“लई झाला सबर!”

बाबाजाननी वर बघितलं. “एक काम कर. आठ दिवस तोंड बंद ठेव. माझ्याबद्दल, कानिफबद्दल, कुठं काही बोलू नको. एवढं कर माझ्यासाठी.”

“का म्हणून?”

“तुला सांगणं म्हणजे गावाला सांगणं. जा आता.”

झालं! भिमाजीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तोंडावर अपमान! म्हातारा वकिलाला भितोय, खोली जाईल म्हणून भितोय, आणि वर मला तोंड बंद ठेवायला सांगतोय. रस्ताभर तो स्वतःशी बडबडत गेला. म्हाताऱ्याला काढल्याशिवाय भाच्याला दिवस दिसायचा नाही, असं त्यानं कापड बाजारापर्यंत पोचता पोचता ठरवूनही टाकलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय!

गुरुवारी संध्याकाळी कापड बाजाराच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात क्लबाची बैठक बसली. एकाएकी बोलावलेली. पण एकाएकी का, हे कुणाच्या मनात आलं नाही, कारण मनमाडवाल्यांचे पाच गोल सगळ्यांच्या तोंडी होते. आत बाकडी भरली, बाहेर रस्त्यावर माणूस मावेना. भिमाजी पायरीच्या खाली. त्याचा चहा तिथंच यायचा, वेगळ्या कपात. आतलं सगळं ऐकू येत होतं.

“चार वर्षांत एक कप नाही!” अडत्या बोलला. “उस्तादांना म्हातारपण आलंय.”

“म्हातारपण नव्हे, पद्धत जुनी,” शाळेतले सुमंत मास्तर म्हणाले. त्यांनी बशी, कप आणि साखरदाणी मांडून नवी पद्धत दाखवायला सुरुवात केली. “हा आपला सेंटर हाफ. हा असा पुढं गेला पाहिजे.”

“मास्तर, तुमचा सेंटर हाफ चहात पडतोय,” कोणीतरी म्हणालं.

“मैदानच खराब आहे.”

“नाचता येईना अंगण वाकडं! रेल्वेवाले काय वेगळ्या मैदानावर खेळले?”

मग उठला हैदर. चपलांचं दुकान होतं त्याचं. जवानीत शमशेरचा लेफ्ट आऊट होता, आणि अजून बोलायला उभा राहिला की उजवा खांदा पुढं यायचा. “सरळ बोलतो,” तो म्हणाला. “पाच गोल उस्तादांनी खाल्ले का? गोलात कोण होतं? नाव घ्या की! चोर सोडून संन्याशाला फाशी देता काय?”

एकदम कालवा झाला. शामकांत कोपऱ्यात बसून नखं बघत होता. वकील नृसिंहराव, क्लबाचे अध्यक्ष आणि म्युनिसिपालटीचे मेंबर, हात वर करून हळू आवाजात म्हणाले, “व्यक्तीवर जायचं नाही. गोलकीपरला निवडतो कोण? कोच. मग जबाबदारी कुणाची?”

बाहेर भिमाजीचं रक्त उसळलं. अगदी हेच तर त्याला म्हणायचं होतं! शामकांतला उभा करतो कोण? उस्ताद! कानिफनाथला बसवून ठेवतो कोण? उस्ताद!

आत मात्र दोन तट पडले. जुने खेळाडू उस्तादांच्या बाजूनं, खुर्चीवाले विरुद्ध. वकीलसाहेब उठून दारात आले, रस्त्यावरच्या गर्दीकडं बघितलं आणि म्हणाले, “क्लब काही आमच्या बापाचा नाही. तो लोकांचा आहे. लोकांचं काय म्हणणं?”

भिमाजीनं छाती भरून घेतली.

“गोलात भगदाड हाय आन् उस्तादाला दिसत न्हाई! काढा त्याला! काढा उस्तादाला!”

तो आवाज! भिंतीवर आपटून परत आला. मागून गर्दीनं उचलला, काढा, काढा, काढा! चहावाले, टांगेवाले, रिकामटेकडे, ज्यांनी जन्मात हॉकीची काठी हातात धरली नव्हती तेसुद्धा नाचायला लागले. हैदर आत काहीतरी ओरडत होता, त्याचे नुसते ओठ हललेले दिसत होते. वकीलसाहेब हसले आणि आत वळले. ठराव झाला. बाबाजानना काढलं, सुमंत मास्तरांना नेमलं, रविवारच्या आत खोली खाली करायची.

भिमाजीला वाटलं, जिंकलो.

माणसं पांगली तसा हैदर पायऱ्या उतरून त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. डोळे लाल.

“शाबास, भिमाजी! आपल्याच भाच्याच्या नरड्यावर पाय दिलास.”

“म्हंजी?”

“म्हंजे काय विचारतोस? आज दुपारी उस्तादांनी वकिलाला रविवारची अकरा नावं सांगितली. गोलात शामकांत नाही. गोलात कानिफनाथ. ‘हा खेळेल, नाहीतर मी नाही’ म्हणाले. म्हणून ही बैठक. हार नाही न् बीर नाही! महाराचं पोर गोलात उभं राहणार म्हणून यांच्या पोटात दुखलं, आणि ते तोंडानं बोलायची लाज वाटली म्हणून पाच गोल पुढं केले. आम्ही निम्मे तरी होतो आत. अडवलं असतं. मी तेच ओरडून सांगत होतो, पण तू बाहेरून बोंब ठोकलीस!” हैदर रस्त्यावर थुंकला आणि निघून गेला.

भिमाजी कसा चालत गेला त्याचं त्यालाच ठाऊक नाही. बाबाजान खोलीत लोखंडी ट्रंक भरत होते. कोल्हारला लेक होती, शहजादी, तिच्याकडं निघायची तयारी चालली होती. भिमाजी दारात उभा राहिला.

“उस्ताद, मला ठावं न्हवतं.”

“ठाऊक नव्हतं म्हणून तर सांगितलं होतं, तोंड बंद ठेव!” बाबाजान कडाडले. इतक्या वर्षांत त्यांचा असा आवाज कुणी ऐकला नव्हता. “मागच्या वर्षी मी त्याचं नाव काढलं होतं. कमिटीनं महिनाभर खल केला आणि मोडून काढलं. यंदा मॅचच्या तोंडावर सांगितलं, त्यांना खलाला वेळच द्यायचा नव्हता. दोन वर्षं मी त्या पोराला तयार केलं, भिमाजी. माझ्या म्हातारपणाची कमाई होती ती. हैदर येऊन सांगायच्या आधीच मला समजलं होतं. तुझा आवाज इथपर्यंत आला.”

भिमाजी पाया पडायला वाकला. त्यांनी पाय मागं घेतले.

घरी कानिफनाथला बातमी पोचली होती. तो जेवला, भाकरीचा तुकडासुद्धा टाकला नाही, आणि तोंड फिरवून झोपला. रंगुबाईनं नवऱ्याला एकच वाक्य ऐकवलं, “बोला की आता, का घसा बसला?” पहाटे पोरगा नेहमीसारखा उठून मैदानावर गेला आणि चेंडू मारायला कुणी नाही म्हणून तसाच परत आला. मामाकडं बघितलं नाही. बघितलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर बरं झालं असतं.

सकाळी वकीलसाहेबांचा निरोप आला, दवंडी द्यायची आहे. वकीलसाहेबांनी मजकूर पाठ करून घेतला. “सांगितलं तेवढंच बोल. आणि काल छान बोललास हो. तुझा आवाज कामी आला.”

‘कामी आला.’ भिमाजीच्या कानशिलात ते दोन शब्द ठण ठण वाजत राहिले.

बाजाराचा दिवस. कापड बाजारात तो मधोमध उभा राहिला आणि डफडं असं बडवलं की माणसं दुकानातून बाहेर आली.

“ऐका हो ऐका! शमशेर क्लबाची सारखी हार हुती म्हणून कमिटीनं बाबाजान उस्तादांना काढलं हाय! सुमंत मास्तर नवं कोच! रविवारी किल्ल्याच्या मैदानावर कपाची मॅच हाय, समद्यांनी यावं हो!”

इथं दवंडी संपत होती. भिमाजीनं पुन्हा डफडं बडवलं.

“आन् आता कमिटीनं सांगितलं न्हाई ते ऐका! उस्तादाला हारीपायी न्हाई काढलं! महारवाड्यातला कानिफनाथ गोलात उभा करतो म्हणाला, म्हणून काढलं! पाच गोल खानारा मेव्हणा चालतो, आमचं गोल राखणारं पोरगं चालत न्हाई! चेंडू बाटतो काय रं तुमचा? आन् ‘काढा उस्तादाला’ म्हणून पयला वरडला त्यो मूर्ख कोण, ते बी बघून घ्या! त्यो ह्यो, डफडं वाजवनारा!”

कुणी हसलं, कुणी शिवी हासडली. अडत्यानं दुकानातून ‘हाकला त्याला’ म्हणून आरडाओरडा केला. हैदर आपल्या दुकानाच्या फळीवर ताठ उभा होता. भिमाजी थांबला नाही. माळीवाडा झाला, दिल्ली दरवाजा झाला, शामकांतच्या गल्लीत तर दोनदा झालं. प्रत्येक चौकात राग तेवढाच, आणि प्रत्येक चौकात शेवटचं वाक्य बोलताना आवाज फाटायचा.

दुपारी म्युनिसिपालटीत बोलावणं आलं. वकीलसाहेब टेबलामागं येरझाऱ्या घालत होते. भिमाजी उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

“हे तुला कुणी सांगितलं होतं बोलायला?”

“कुनी न्हाई.”

“माझी अब्रू घेतलीस तू! बिल्ला काढून घेईन, उपाशी मरशील.” मग त्यांनी आवाज खाली आणला. जाणती माणसं अशीच असतात. “हे बघ, तुझ्या घरादाराकडं बघून एक संधी देतो. आत्ताच्या आत्ता गावभर परत फीर. सांग, सकाळी दारू चढली होती, बरळलो, ती दवंडी खोटी. बिल्ला राहील, नोकरी राहील. बोल.”

भिमाजीनं छातीवरचा बिल्ला काढला आणि उंबऱ्यावर ठेवला.

“दवंडी एकदा दिली की दिली, वकीलसाहेब. ती माघारी घेता येत न्हाई. घेता येत असती, तर काल हाटेलाम्होरं दिली ती मी रातीतच माघारी घेतली असती.”