एका ओळीत बागायत

गेल्या लग्नसराईत मी एका ओळीच्या आदेशाने पारनेरपासून पाथर्डीपर्यंतच्या सगळ्या लग्नाळू मुलांची जिरायत जमीन बागायत करून टाकली.

केडगावात एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं वधू-वर सूचक केंद्र आहे. तिथली सगळी स्थळं मी तरुणपणी फॉक्सप्रो नावाच्या जुन्या संगणकभाषेत लिहिलेल्या प्रोग्रामात साठवलेली आहेत. दूध डेअऱ्यांतले, खताच्या दुकानांतले माझे बाकीचे प्रोग्राम केव्हाच भंगारात गेले. हा एवढाच उरला. आणि बाईंच्या भाचीला तो काढून मोबाईलवरचं काहीतरी आणायचं होतं. बाई डळमळू लागल्या होत्या. म्हणून मी सारखा तिथे जाऊन फॉक्सप्रोचे गोडवे गायचो. माउस नको, नेट नको. आताचे प्रोग्राम पंगतीत आग्रह करणाऱ्यासारखे दर घासाला विचारतात, नक्की ना? फॉक्सप्रो विचारत नाही. सांगितलं की केलं.

त्यात पारनेरहून एका मुलाच्या वडिलांचा फोन आला, विहिरीला पाणी लागलंय, आमचं जिरायतीचं बागायत करा. भाची समोरच बसली होती. मी बाह्या सरसावल्या, 'रिप्लेस ऑल' टाइप केलं आणि कोणत्या मुलाचं ते सांगायचं विसरून एंटर दाबलं. बोट उचलायच्या आत काम झालं. वेग बघा, असं भाचीला सुनावलं. मग शहाण्यासारखा बॅकअपही घेतला. तो जुन्या बॅकअपवरच, म्हणजे मूळ नोंदीही पुसल्या गेल्या.

काही दिवसांनी एका मुलीचे वडील धुळीने माखून केंद्रात आले. बाईंना म्हणाले, "तुमच्या शब्दावर बागायत बगाया गेल्तो. नुसती कुसळं हायेत तिथं."

बाईंचा चेहरा उतरला. लोक येतात ते त्यांच्या शब्दावरच. त्यांनी मला बोलावून फोनपाशी बसवलं आणि मी घरोघर विचारत सुटलो, तुमची जमीन मुळात कोणती होती हो? कर्जतकडचे एक गृहस्थ तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की सायेब तसंच. पोरगी नांदायला येईस्तोवर पडंल पाऊस."

शेवटचं स्थळ दुरुस्त झाल्यावर मी घसा खाकरला. म्हटलं, बाई, यात फॉक्सप्रोचा काही दोष नाही, त्याला सांगितलं तेच त्याने केलं. एवढ्यावरून त्याला काढू नका.

बाई म्हणाल्या, "त्याला कोण काढतंय? तुम्ही यायचं बंद करा."