मावशी म्हणजे आईची बहीण

"म्हणजे स्वयंपाकीणच होती की!" वहिनी म्हणाल्या आणि हॉलमधल्या सगळ्या बायका हसल्या. मी पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. मीपण हसले.

हसणं ग्रेसच्या आजीवर होतं. ग्रेस केनियाची, शेजारच्या व्हिलात कामाला. मी आखातातल्या अल गराफाच्या या घरात वहिनींकडे कामाला; पाहुणे आले की ती माझ्या मदतीला यायची. फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला होता. साहेब स्टेडियमच्या कामावर. त्यांच्या ऑफिसातल्या लोकांच्या बायका त्या दिवशी चहाला आल्या होत्या. टेबलावर वहिनींच्या मुलीचा, रियाचा, शाळेचा तक्ता पसरलेला. आफ्रिकेतले देश स्वतंत्र कसे झाले. फोटो सगळे पुरुषांचे. ग्रेस तो बघून थांबली. मोडक्या हिंदीत म्हणाली, "मेरा दादी भी था. जंगल में लडनेवालों को खाना ले के जाता था. राजमा के नीचे बंदूक का गोली."

त्यावर वहिनी मराठीत ते बोलल्या.

ग्रेसला मराठी येत नाही. किचनमध्ये तिनं विचारलं, "मॅडम क्या बोला?"

"अच्छा बोला," मी म्हणाले.

तिचा चेहरा खुलला. सांगू लागली, गोरे गेल्यावर गावात पुरुषांचे सत्कार झाले. आजी पुढे गेली तर ते म्हणाले, तू नुसता स्वयंपाक केलास. ज्यांनी तिच्या हातचं खाल्लं तेच म्हणाले. मग ग्रेस म्हणाली, "उधर दादी का नाम लिखेगा ना? तुम बोलो. तुम मॅडम का बहन है."

मला कळेना. तिनं म्हणे रियाला विचारलं होतं, तुम्ही सगळे हिला मावशी म्हणता, मावशी म्हणजे काय? रिया म्हणाली, "मॉम्स सिस्टर." इतके दिवस ग्रेस मला घरचीच समजत होती. फक्त बहीण किचनमध्ये खाली बसून का जेवते, एवढंच तिला कळत नव्हतं.

माझे कान तापले. चार वर्षं त्या हाकेनं मी सुखावत होते. गावी फोनवर सांगत होते, घरच्यासारखं वागवतात.

मी हॉलमध्ये गेले. 

"रिया, ग्रेसच्या आजीचं नाव लिही."

"मावशी, आधी चहा आणा," वहिनी म्हणाल्या.

"नाव लिहिल्यावर आणते."

रियानं आईकडे बघितलं. "प्लीज मावशी, इट्स ड्यू टुमॉरो," म्हणाली आणि पेनाला टोपण लावलं. चहा मी नेला नाही. वहिनींनी स्वतः नेला.

ग्रेसला मी खरं सांगितलं. वहिनी काय म्हणाल्या ते. मी हसले तेही. ती निघून गेली. अजून बोलत नाही. बरोबर आहे तिचं.

त्या दिवसापासून मावशी म्हटलं की मी ओ देत नाही. मला नाव आहे. वहिनी म्हणतात, तिकीट काढून परत पाठवीन. पाठवू देत.

पण नाव लिही म्हणून हॉलमध्ये बोलले आणि त्या म्हातारीचं नाव मलाच ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. याची लाज जास्त वाटते. शुक्रवारी ग्रेसच्या दारात जाणार आहे. आधी माफी मागणार, मग नाव विचारणार. तिनं दार लावलं तरी उभी राहणार.