नस नव्हे, तार

"डॉक्टर, याला लकवा मारलाय. तेवढं कागदावर लिवून द्या. उद्याच्या गाडीचं तिकीट काडलंय," लूम कारखान्याचे मालक गजाननशेठ म्हणाले आणि त्यांनी करीमभाईंना माझ्यासमोरच्या स्टुलावर बसवलं.

करीमभाईंचा उजवा हात मनगटातून खाली लोंबत होता. डाव्या हाताने तो उचलून त्यांनी टेबलावर ठेवला, दुसऱ्या कुणाची तरी वस्तू ठेवावी तसा. पंचेचाळिशीचा माणूस, धुतलेला सदरा.

निजामपुऱ्यात दवाखाना टाकून मला तिसरं वर्ष होतं. एकोणीसशे ऐंशीचं दशक संपत आलं होतं. दोन्ही बाजूंना पॉवरलूम, त्यामुळे स्टेथोस्कोपमधून आधी लूम ऐकू यायचे आणि मग पेशंटची छाती. एव्हाना लूमचं थोडंफार मलाही कळायला लागलं होतं. लूमच्या मागे मोठा रूळ असतो, त्यावर कापडाचे उभे धागे गुंडाळलेले असतात. तो बीम. बीम संपत आला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला जोडावा लागतो. करीमभाई हेच काम करायचे. अंगठा आणि शेजारचं बोट यांत दोन टोकं धरायची, पिळायची, सोडायची, पुढचं धरायचं. दिवसभर. हात गेला म्हणजे त्यांचं सगळंच गेलं.

"गावाला कोण आहे तुमचं?" मी विचारलं.

"भाई लोग हैं. पण खेती त्यांची. बीस साल से इधरच आहे मी. गावाला काय करू?"

"मी वाईटासाठी न्हाय करत," शेठ म्हणाले. "गावाला आराम मिलंल. इथं कोन बगनार?"

शेठ मनाने चांगले होते आणि तीच अडचण होती. वाईट माणसाशी भांडता येतं. हे तर तिकीट स्वतः रांगेत उभं राहून काढून आले होते.

मी तपासायला घेतलं. चेहरा सरळ. जीभ मधोमध. दोन्ही पायांत जोर सारखा. गुडघ्यावर हातोडी मारली, दोन्ही पाय सारखेच उडाले. कोपर वाकत होतं, सरळही होत होतं. फक्त मनगट वर उठत नव्हतं, बोटं आणि अंगठा मागे ताणता येत नव्हते. मूठ ढिली होती, पण मी मनगटाला खालून आधार दिल्यावर तीच मूठ घट्ट झाली. मग टाचणी हळूच टोचत गेले. हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, एका ठिगळाएवढ्या जागेत त्यांना काही कळत नव्हतं. ते मी वहीत लिहून ठेवलं.

"हात जायच्या आधी काय केलं होतं?"

"लगातार दो बीम जोडे. मग लाइट गेली. खुर्चीवर बसलो, आँख लग गई. तिन्हीसांजेला उठलो तर हात असा."

"हात कुठे होता?"

त्यांनी खांदा उचलून दाखवलं. लाकडी खुर्चीच्या पाठीवरून दंड पलीकडे टाकलेला.

मला मनातून इतका आनंद झाला की तो लपवावा लागला. दंडाच्या हाडाला वळसा घालून एक मज्जातंतू खाली उतरतो. मनगट आणि बोटं वर उचलायचा हुकूम तोच नेतो. थकलेला माणूस गाढ झोपला आणि खुर्चीची कडा तिथे तासन्‌तास रुतली, की हुकूम पोचणं बंद होतं. मेंदू ठीक, हात ठीक, मधली वाट दबलेली. बहुतेकांची ती आपोआप मोकळी होते, पण त्याला काही आठवडे, कधी महिने लागतात.

"लकवा नाही," मी सांगितलं. "नस दबली आहे. तीन महिने थांबा. तिकीट परत करा."

"आनि न्हाय उठला हात तर?"

"तर मी स्वतः यांना गाडीत बसवून देईन."

शेठनी मला आपादमस्तक न्याहाळलं. वय बघत असावेत. पण तिकीट त्यांनी परत केलं.

चौथ्या दिवशी दोघं पुन्हा हजर. करीमभाईंच्या हाताच्या पाठीवर रुपयाएवढा फोड, भोवती लाल. भाजलेलं.

"हे काय केलंत?" माझा आवाज चढला.

"आपने ही तो बोला, नस दबी है," करीमभाई म्हणाले. "नस दबली म्हणजे खून अटकला. बीवीने तेल लगाया, मग वीट तापवून कपड्यात बांधली. वो बार बार पूछती थी, ज्यादा तो नहीं? मीच बोललो, और गरम कर. मालूम ही नहीं पड़ता था."

ड्रेसिंगचं सामान घेऊन दवाखान्यातल्या मदतनीस हिराबाई शेजारी उभ्या होत्या. त्या जवळच्याच दापोड्याच्या, माझ्यापेक्षा वयाने दुप्पट आणि फटकळपणात चौपट.

"बाय, त्यांना कशाला बोलतंस?" त्या म्हणाल्या. "आमच्याकडं पन नस दाबली का शेकच देतान. तू काय येगलं सांगितलं व्हतंस?"

नव्हतं सांगितलं. आमच्याकडे नस म्हणजे रक्ताची वाहिनी, नस म्हणजे स्नायूची दोरी, नस म्हणजे मज्जातंतूही. मान धरली तरी नस, पायात गोळा आला तरी नस. हात बधिर आहे हे मला माहीत होतं, पण ते माझ्या वहीत होतं. ज्याचा हात, त्याला मी ते सांगितलंच नव्हतं. मला फार लाज वाटली. करीमभाईंच्या बायकोने किती जपून ती वीट धरली असेल, हे डोळ्यांसमोरून हलेना.

शेठ हळू आवाजात म्हणाले, "डॉक्टर, परवाच्या गाडीत जागा हाय. आता जाऊं द्या त्याला."

"पाच मिनिटं द्या," मी म्हटलं. "करीमभाई, चूक माझी आहे. नस हा शब्द विसरा. तार म्हणूया."

लूमवर तार म्हणजे बीमवरचा धागा. ते पुढे सरकून बसले.

मी सांगितलं, डोक्यात मेंदू आहे, तो तुमचा बीम. तिथून निघालेल्या तारा पाठीच्या कण्यातून खाली येतात, करंगळीएवढ्या जाड जुडीत. मणक्यामणक्यातून थोड्या डावीकडे, थोड्या उजवीकडे बाहेर पडतात आणि अंगभर जातात. काही तारा वरून हुकूम आणतात, काही चामडीची खबर वर नेतात: गरम, गार, टोचलं. तुमच्या दंडात दोन्ही दबल्या आहेत. म्हणून मनगट उठत नाही आणि चटका कळत नाही.

"और वो हथौड़ी? पाय तर मी उडवला नाही."

"ती खबर कण्यापर्यंतच जाते आणि तिथूनच परत हुकूम येतो. मेंदूला नंतर कळतं."

पहिल्यांदाच ते हसले. "बाना टूटा तो लूम खुद रुकता है. शेठला विचारत नाही."

शेठही हसले. आडवा धागा तुटला की लूम आपोआप थांबतो, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती.

करीमभाई आपल्या हाताकडे बघत राहिले. मग डाव्या बोटाने त्यांनी दंडापासून खाली रेघ ओढली. कोपर सरळ करून पाहिलं. झालं. मनगट उचलून पाहिलं. नाही.

"कोहनी चलती है, म्हणजे उसका तार दंडात ऊपर ही निकला, वो ठीक. खराबी इसके नीचे. लकवा असता तर ऊपर से खराब, म्हणजे मुँह भी जाता, पैर भी." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "टूटा है, या दबा है?"

"बहुतेक दबली आहे."

ते शेठकडे वळले. "शेठ, तार टूटा भी नहीं, तो बीम काय को उतारायचा? मी नाही जाणार."

कॉलेजात ज्या परीक्षेसाठी आम्ही रात्री जागवल्या, तिचं उत्तर त्यांनी पाच मिनिटांत दिलं होतं. बिघाड कुठे आहे ते कुठलं काम चालतं आणि कुठलं बंद आहे यावरून शोधायचं. ते तर हेच वीस वर्षं करत आले होते.

मनगट उचलून धरायला आधार हवा होता. ठाण्याहून पट्टी आणायला वेळ लागला असता. शेठ उठले आणि कारखान्यातून सूत गुंडाळायचा जाड पुठ्ठ्याचा, शंकूसारखा पोकळ कोन घेऊन आले. आम्ही तो उभा कापला, आत कापूस घातला आणि तळहाताच्या बाजूने बांधला. हिराबाईंनी करीमभाईंना दम दिला, "चा पन डाव्या हातानंच प्यायचा. आनि वीट दिसली तर मीच टालक्यात घालीन."

दर सोमवारी ते यायचे. फोड भरला, व्रण राहिला. मनगट मात्र लोंबतच होतं. पाचव्या सोमवारी मी मनातल्या मनात रेल्वे स्टेशन गाठलं होतं. सहाव्या सोमवारी त्यांनी कोन सोडला, हात टेबलाच्या कडेवर ठेवला आणि कपाळाला आठ्या घातल्या. मनगट थरथरत अर्धा इंच वर आलं. हिराबाईंनी पदराने डोळे पुसले आणि फिनेलचा वास लागला म्हणून सांगितलं.

"आता पुढचं?" मी विचारलं.

"नजदीक वाला पहिले, दूर वाला बाद में. अंगठा सबसे आखिर," ते म्हणाले. तसंच झालं.

तिसरा महिना संपताना ते शेठबरोबर आले. खिशातून सुताची दोन टोकं काढली, माझ्यासमोर धरली, पिळली. जोड कुठे आहे ते मला दिसेना. मी सूत ओढून पाहिलं. पक्कं होतं.

निघताना मी टाचणी घेऊन त्या व्रणावर हळूच टोचली. त्यांनी हात झटकन मागे घेतला.

"अब मालूम पड़ता है," ते म्हणाले. मग व्रणावरून अंगठा फिरवत, अजिबात राग न धरता, "ये निशान आपका है, मॅडम. रहने दो."

त्यानंतर पेशंटला काही सांगून झालं की मी विचारते, "आता घरी जाऊन काय करणार, ते मला सांगा." वेळ जातो. बाहेर रांग कुरकुरते. कुरकुरू दे.