कोंडवाड्याची किल्ली

घरात खरवस झाला, की मला एक कोंडवाडा आठवतो. सूनबाई हसतात, म्हणतात, "बाबांचं काहीतरीच!" पण नोकरीत इतके गुन्हे हाताळले, त्यातला हा एवढासा गुन्हा काही मनातून जात नाही.

दुष्काळाचं साल होतं. मी नवा फौजदार, खर्ड्याच्या पलीकडच्या एका ठाण्यावर. माणसांना पाणी टँकरचं आणि जनावरांना चारा नाही, अशी अवस्था. सोडलेली गुरं दिसेल त्या हिरव्या तुकड्यात शिरायची. मग ग्रामपंचायतीचा शिपाई ती हाकत आणून कोंडवाड्यात कोंडायचा. मालकाने दंड भरला की जनावर सुटायचं, नाहीतर आतच राहायचं.

एके दिवशी सकाळीच सरपंच ठाण्यात हजर. "फौजदारसाहेब, कोंडवाडा फोडला! सगळी जनावरं गेली!"

मी जाऊन पंचनामा केला. दार सताड उघडं, ठेचलेलं कुलूप जमिनीवर, शेजारी दगड. कोंडवाड्याचे रखवालदार म्हणजे आमचे चाचा. साठीला टेकलेले, तिथेच खोपटात राहायचे. डोकं धरून बसले होते. "झोप लागली साहेब," एवढंच बोलले.

खबर दुपारच्या आत आली. एसटी थांब्यावरचा चहावाला आमचा खबऱ्या; त्याच्याकडे चहापेक्षा बातम्या गरम असायच्या. "माळावरच्या त्या बाईची गाय आत हुती सायेब. गाभन हाय. काल बाई कोंडवाड्याच्या दाराशी बसून लई रडली. आन आज गाय तिच्या दारात उभी!"

बाईला आणलं. तिशीची असेल. नवरा दूर दुष्काळी कामावर खडी फोडायला, घरात ती आणि गाय. मी आवाज चढवणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "व्हय, म्याच फोडलं. दगडानं."

"सोबत कोण होतं?"

"कुनी न्हाई."

झाली चौकशी! उद्या जामखेडला कोर्टापुढे उभी केली की काम संपलं, म्हणून मी खूश. बाई फक्त एवढं म्हणाली, "मला डांबा सायेब. पन गाय आज-उद्या व्यायची हाय. वासरू आडलं तर दोगंबी जातील."

"हे कुलूप फोडायच्या आधी सुचायला हवं होतं," मी खेकसलो.

ठाण्यात बायकांची कोठडी नव्हती. अशा वेळी आरोपी बाईला हवालदाराच्या क्वार्टरमध्ये, त्यांच्या मंडळींच्या नजरेखाली ठेवायचा रिवाज. मी तेव्हा सडाफटिंग, दोन्ही वेळा हवालदारांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या हातचं जेवायचो. त्यामुळे चारचौघांत मी 'साहेब' आणि एरवी 'भावजी'. मला झापायचा पूर्ण अधिकार त्यांच्याकडे होता.

संध्याकाळी वहिनी तणतणत ठाण्याच्या पायरीशी आल्या. "भावजी, तिला डांबलंय का मला? टँकर आलाय, नि मी हिच्यावर पहारा करत बसू?"

"जागा सोडायची नाही वहिनी. कायदा आहे."

"मग पाणी तुम्ही भरता?"

दोघी टँकरवर गेल्या. थोड्या वेळाने आमची आरोपी डोक्यावर हंडा घेऊन वहिनींच्या मागोमाग परत आली. हवालदारांनी कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी क्वार्टरवर गेलो, तर बाई गायब. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "गाय बघायला पाठवलीय. येईल."

माझं डोकंच फिरलं. "वहिनी, आरोपी पळाला तर माझी नोकरी जाईल! आणि माझ्याआधी तुमच्या मालकांची!"

"पळायचं असतं तर टँकरवरूनच पळाली असती. आणि ओरडू नका, पिठात थुंकी उडते."

मी पट्टा आवळून निघणार, तोच बाई दारात उभी. घामाघूम झालेली, हातात झाकलेली वाटी. "व्याली बगा वैनी. कालवड झाली. तिला पाजून उरला तेवढा चीक आनलाय." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चला सायेब, कुटं न्यायचं तिकडं."

चोर पळतो, हे माझं शिक्षण. ही आपल्या पायांनी परत आली होती, वर चीक घेऊन. पहिल्यांदाच मनात आलं, की हिला गायच हवी होती, तर हिने सगळी जनावरं कशाला सोडली?

मी जप्त केलेलं कुलूप घेऊन पुन्हा कोंडवाड्यावर गेलो. कुलूप पार चेपलेलं, पण दाराच्या कोयंड्यावर ओरखडा नाही की फळीवर खूण नाही. दाराला लटकणारं कुलूप दगडाने ठेचलं, तर फळी शाबूत राहील होय? ते आधी किल्लीने काढलं होतं आणि मग खाली ठेवून ठेचलं होतं. किल्ली एकच होती, चाचांच्या कमरेला.

"चाचा, किल्ली दाखवा जरा."

म्हातारा हुंदके द्यायला लागला. "साहेब, चारा मागितला तर पंचायत म्हणते, बघू. जनावरं सारखी हंबरतात. त्यांच्यासमोर माझ्या घशाखाली भाकरी उतरत नाही. मीच सोडली सगळी. ती गाय तर धड चालेना, तिला मीच पोरीच्या दारापर्यंत पोचवली. मला न्या, त्या पोरीला सोडा."

बाईला विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"चाचाची नोकरी जाईल सायेब. म्या काय, चार दिस बसन आत. त्येंनी माजी गाय वाचिवली."

खरं सांगतो, अंगावर वर्दी असूनही माझे डोळे भरून आले. सरपंचांना बोलावून चहा पाजला आणि म्हटलं, "गुन्हा चाचांवर नोंदवतो. पण कोंडलेल्या जनावरांना चारा-पाणी देणं पंचायतीवर बंधनकारक असतं, तेही लिहावं लागेल. किती दिवस उपाशी होती ती?"

सरपंचांनी बशीतल्या चहावर बराच वेळ फुंकर मारली. "जाऊ द्या ना साहेब. जनावरं आपापल्या घरी गेली, माझी काही तक्रार नाही." तसा जबाब त्यांनी दिला. चाचांची नोकरी राहिली. नवं कुलूप कुणी आणलं नाही. दाराला नुसती बाभळीची फांदी लावायचे आणि आत कडबा टाकायचे.

पुढे मी पुष्कळांना आत टाकलं. काहींना टाकायलाच हवं होतं, त्याचं मला दुःख नाही. तुरुंगच नकोत, असं म्हणण्याइतका मी मोठा माणूस नाही. पण डांबायची सवय वाढत गेली, हे डोळ्यांनी पाहिलं. आता शहरात, सावेडीत राहतो. खिडक्यांना ग्रील, फाटकाला कुलूप, वर वॉचमन. गुन्हा काय केला, ते माहीत नाही. म्हणून म्हणतो, कुणालाही कोंडण्याआधी एवढं विचारावं, की सोडलं तर हा माणूस परत येईल का? पुष्कळ जण येतात हो.

त्या दिवशी वहिनींनी त्या चिकाचा खरवस केला. बाई, चाचा, हवालदार आणि मी, सगळ्यांच्या वाट्याला बोटबोट आला. मी वहिनींना विचारलं, "समजा ती परत आलीच नसती, तर?"

"तर काय? मी सोडली म्हणाले असते. डांबलं असतंत मला."

"आणि ठेवलं कुठे असतं तुम्हाला?"

वहिनी हसल्या. "बायकांची कोठडी म्हणजे हीच ना भावजी, हवालदाराच्या घरातली? तिथं तर मी लग्न झाल्यापासून आहे."

सगळे खूप हसलो. हवालदार तेवढे खाली मान घालून वाटी पुसत राहिले. दुसऱ्या दिवशी टँकर आला, तेव्हा हंडा घेऊन ते स्वतः गेले, आणि वहिनी माळावर कालवड बघायला गेल्या.